हमीपत्रावरील सही

प्लातोन येफिमोविच श्कुरात यांना चेर्नोयारमध्ये सगळे नुसते येफिमिच म्हणत. वडिलांच्या नावाने हाक मारणे हा आमच्याकडे वयाचा मान, आणि खाणीच्या तळाशी राबणाऱ्यापासून खाणीच्या संचालकापर्यंत सर्वांनी तो त्यांना दिलेला होता. ते ‘वुग्लेकोप’, म्हणजे कोळसा खणणारा, या आमच्या फुटबॉल क्लबचे प्रशासक होते. पदाचे नाव भारदस्त, काम मात्र किरकोळ गोष्टींचे: जर्सी मोजून ठेवणे, बस ठरवणे, पंचांना स्टेशनवरून आणणे आणि प्रत्येक सामन्याआधीचे कागद वेळेवर पोचवणे. देशाच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळणाऱ्या खाणगावच्या क्लबात या सगळ्याला मिळून एकच माणूस असतो.

त्याआधी बावीस वर्षे ते खाणीच्या पाळी-कचेरीत होते. तिथला नियम साधा होता. खाली हवेतला वायू मोजला आहे अशी सही मुकादमाने केल्याशिवाय पाळी उतरायची नाही. एका वर्षी पूर्वेकडच्या थरात एका मुकादमाने वायू न मोजताच सही केली आणि एकोणीस माणसे जळाली. खटल्यात त्या सहीवरूनच मुकादमाला शिक्षा झाली. श्कुरात साक्षीला गेले होते. तिथून ते एक निष्कर्ष घेऊन परतले: सही माणसाला बांधते, सही केलेल्याला पळ काढता येत नाही. त्याच घटनेतून दुसराही निष्कर्ष निघत होता, तो म्हणजे सही असतानाच एकोणीस माणसे मेली. तो त्यांनी काढला नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ दुष्टपणात शोधणाऱ्यांनी आधी या न काढलेल्या निष्कर्षाकडे पाहावे, असे मला वाटते.

दोन हजार चौदाच्या फेब्रुवारीत राजधानी कीवच्या चौकात माणसे गोळ्या घालून मारली गेली आणि राष्ट्राध्यक्ष पळाला. एप्रिलमध्ये आमच्या पोलीस ठाण्यावर कीवचे नवे सरकार न मानणारी, तोंडे झाकलेली माणसे बंदुका घेऊन चढली. ठाण्याचे प्रमुख ट्रॅकसूट घालून, हातात मासेमारीची काठी घेऊन मागच्या दाराने निघून गेले. इमारतीवर नवा झेंडा चढला, दारात टायरांचा ढीग रचला गेला.

हिवाळ्याच्या सुट्टीनंतर लीग पुन्हा सुरू झाली होती. यजमान क्लबाने सामन्याच्या तीन दिवस आधी पोलीसप्रमुखाच्या सहीचे सुरक्षेचे हमीपत्र पाठवायचे, नाही तर सामना होत नाही, असा नियम होता. आमचा एक घरचा सामना हमीपत्राअभावी बुडाला. दुसराही बुडाला तर क्लब लीगमधून काढला जाईल, असे पत्र आले. पुढचा सामना होता पश्चिमेकडच्या झोलोतोपिलशी, मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी.

श्कुरातांनी छापील नमुना घेतला, स्वच्छ शर्ट घातला आणि ते टायरांवरून चढून ठाण्यात गेले.

पोलीसप्रमुखाच्या खुर्चीत कमांडंट म्हणून ग्लेब क्रिवोनोस बसला होता. दहा वर्षांपूर्वी तो वुग्लेकोपच्या राखीव संघाचा गोलरक्षक होता.

“या, येफिमिच! बसा. तुम्ही मला दिलेले बूट आठवतात का? दोन्ही डाव्या पायाचे.”

“तुझे पायही तसेच होते. उजवीकडचा एक चेंडू अडवला नाहीस.”

ग्लेब मनापासून हसला. श्कुरातांनी कागद पुढे केला. ग्लेबने तो वाचला आणि त्याचा चेहरा बदलला. गेल्या तीन आठवड्यांत कोणी त्याच्याकडे सुटकेची भीक मागायला आले होते, कोणी बातम्या पोचवायला. अधिकारी समजून कागद घेऊन आलेला हा पहिलाच माणूस होता.

“सामना होईल,” तो म्हणाला. “माझ्या गावात शिस्त आहे हे लोकांना दिसू दे. पण ते राष्ट्रगीत नको. आणि कीवच्या मेलेल्यांसाठी मान खाली घालून उभं राहायचं सध्या जे चाललंय, तेही नको.”

“नाही होणार.”

“मग एकाही पोराला ओरखडा येणार नाही.”

त्याने सही केली आणि शिक्का मारला. तो नवा होता, त्यावर कमांडंटचे नाव होते. फॅक्सवर शिक्क्याचा नुसता काळा डाग उमटला. लीगला वाटले, नेहमीचाच असेल.

गुरुवारी झोलोतोपिलहून ल्युबोमिर हावरिश यांचा फोन आला. ते त्या संघाचे प्रशासक. पंधरा वर्षांत दोघांची गाठ फक्त सामन्यांच्या दिवशी पडलेली, तरी मैत्री घट्ट होती. ल्युबोमिर येताना मध आणत, जाताना श्कुरात त्यांना घरी धुरावलेले मासे देत.

“काय रे कोळसेवाल्या, आहेस ना जिवंत?”

“तुझे मासे धुरावतोय.”

“मासे राहू दे. इकडे आया माझ्या नावानं बोटं मोडतायत. कुठे नेतोयस पोरांना म्हणतात. हमीपत्र आहे?”

“आहे.”

“सही झालेली?”

“सही आणि शिक्का, दोन्ही.”

“तू म्हणतोस तर झालं. निघतो आम्ही.”

सही कोणाची, हे ल्युबोमिरने विचारले नाही आणि श्कुरातांनी सांगितले नाही. खोटे एकही वाक्य बोलले गेले नव्हते. फोन ठेवल्यावर पत्नी रायसा म्हणाली, “अहो, त्या बिचाऱ्याला सांगा तरी, ठाण्यात कोण बसलंय ते.” श्कुरात म्हणाले, “सही ती सही. खुर्चीत कोण का असेना.”

शनिवारी दुपारी पाहुण्यांची बस आली. दंडाला काळ्या फिती बांधलेली अठरा मुले, त्यांचा प्रशिक्षक आणि ल्युबोमिर. कर्णधार सेवेरिनचा भाऊ फेब्रुवारीत कीवमध्ये मारला गेला होता. तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी हा संघ मिनिटभर मान झुकवून उभा राहत असे. श्कुरातांनी कपडे बदलायच्या खोलीबाहेर ल्युबोमिरला गाठले.

“आज ते उभं राहणं टाळा.”

“का?”

“हवा बरी नाही इथली.”

“तुझ्या कागदात तसं लिहिलंय?”

“कागदात नाही.”

“मग मी त्या पोराला काय सांगू? भावासाठी मिनिटभर उभा राहू नकोस, हवा बरी नाही?” ल्युबोमिरने त्यांच्या खांद्यावर थाप मारली. “जाऊ दे रे. मिनिटभराचा तर प्रश्न आहे.”

सांगण्याची ही दुसरी संधी होती. तीही गेली.

प्रेक्षक दीडएक हजार होते. माणसे तीन आठवडे घरात कोंडली गेली होती आणि फुटबॉल हे बाहेर पडण्याचे एकमेव निर्धोक निमित्त वाटत होते. संघ मैदानात आले, नाणेफेक झाली. आमची मुले आपल्या अर्ध्यात गेली. पाहुणे मध्यवर्तुळात थांबले, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवले आणि त्यांनी माना खाली घातल्या. आमच्या बाजूच्या काही म्हाताऱ्या बायका आपण होऊन उभ्या राहिल्या. कुठेतरी एक टाळी वाजली आणि लगेच थांबली.

पूर्वेकडच्या बाकांवरून तीस-चाळीस माणसे कुंपणावरून उड्या टाकून आत आली. त्यांच्या हातात कुदळीचे दांडे आणि लोखंडी कांबी होत्या. मुलांनी डोळे मिटलेले होते. पहिला दांडा सेवेरिनच्या गुडघ्यावर बसला आणि तो आवाज वरच्या रांगेपर्यंत ऐकू आला. गोलरक्षकाच्या तोंडावर कांब बसली. दात थुंकायला तो वाकला तेव्हा त्याच्या पाठीवर दुसरी बसली. पळणाऱ्यांना पाय घालून पाडले आणि पडलेल्यांना पाचपाच जणांनी तुडवले. एकाने गोलफलकावर बंदूक झाडली, काचा खाली बसलेल्यांच्या डोक्यावर आल्या आणि किंकाळ्या उठल्या. आमचा कर्णधार झाखार एका पाहुण्या पोरावर आडवा पडला. तो घरचा असूनही मारणाऱ्यांनी त्याला सोडले नाही. ल्युबोमिर औषधांची पेटी घेऊन धावत आले. त्यांच्या डोक्यात मागून कांब घातली गेली. पेटी उघडली, पट्ट्या गवतावर घरंगळत गेल्या, आणि ते हातांनी चाचपडत आपला चष्मा शोधू लागले. शोधत असतानाच दुसरा तडाखा बसला.

ग्लेब मान्यवरांच्या रांगेत पाय पसरून बसला होता. श्कुरात हमीपत्र हातात घेऊन त्याच्याकडे धावले.

“ग्लेब! तुझी सही आहे!”

“आहे ना. कोण नाही म्हणतंय?”

“ओरखडा येणार नाही म्हणालास!”

“तुम्हीही म्हणालात, उभे राहणार नाहीत. आणि नीट वाचा, येफिमिच. ‘सामना सुरू असताना पाहुण्या संघाच्या सुरक्षिततेची हमी.’ पंचाची शिट्टी झाली का? नाही झाली. मग सामना कुठाय?”

भोवतालची माणसे हसली. एकजण म्हणाला, “म्हातारा क्लबात मुरला, पण नियम शिकला नाही.”

 इतकी वर्षे श्कुरातांनी ज्याच्यावर भरवसा ठेवला तो कागद त्यांच्याच विरुद्ध वाचून दाखवला गेला होता, आणि वाचन बरोबर होते. मग ते वळले आणि मैदानात पळत सुटले. पंच याकिव सेमेनोविच, एक शाळामास्तर, मध्यरेषेजवळ चेंडू पोटाशी धरून उभे होते.

“शिट्टी वाजवा.”

“काय?”

“सामना सुरू करा!”

“वेड लागलं का तुम्हाला? पोरं रक्तात लोळतायत!”

“म्हणूनच म्हणतो. एकदा वाजली की तो बांधला गेला. वाजवा हो, पाया पडतो तुमच्या!”

याकिव सेमेनोविचनी चेंडू खाली ठेवला. पहिल्या फुंकीला आवाजच निघाला नाही. दुसऱ्या फुंकीची शिट्टी सगळ्या मैदानावर ऐकू गेली. श्कुरात दोन्ही हात वर करून प्रेक्षकांकडे वळले आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते इतक्या मोठ्याने ओरडले, “सामना सुरू झाला! कमांडंटनं लिहून दिलंय! सामना सुरू आहे!”

पश्चिमेकडच्या बाकांवर पेन्शनीतले खाणकामगार बसतात. त्यांच्यातला एक उभा राहिला. “खेळू द्या रे त्यांना!” मग दुसरा उठला, मग रांगच्या रांग. “खे-ळू द्या! खे-ळू द्या!” ग्लेबच्या आजूबाजूची माणसे त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. गावाला शिस्त दाखवायला त्याने हा सामना मान्य केला होता आणि आता गावच त्याच्याकडे शिस्त मागत होते. तो उठला. हवेत गोळी झाडून म्हणाला, “मागे व्हा.” माणसे निघाली. एकाने जाता जाता पडलेल्या पोराला शेवटची लाथ घातली. ग्लेबने घड्याळ काढून कठड्यावर ठेवले. “नव्वद मिनिटं. मग बघू.”

पाहुण्यांपैकी नऊजण उभे राहू शकले. नियमाने सात पुरतात. सेवेरिनला आणि ल्युबोमिरना बाकाजवळ झोपवले. राखीव गोलरक्षकाचा एक डोळा मिटला होता. पुढचा दीड तास जे चालले त्याला खेळ म्हणणे कठीण आहे. आमची मुले चेंडू हळूच पाहुण्यांच्या पायात देत, पाहुणे तो हळूच परत करत, आणि मधल्या गवतावर रक्ताचे डाग वाळत. आमच्या एका नव्या पोराने सवयीने लाथ मारली आणि गोल झाला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. कोणी टाळी वाजवली नाही. मध्यंतराला पंचांनी कोणालाही आत जाऊ दिले नाही, नुसत्या बाजू बदलल्या. पूर्वेकडचे लोक दांड्यांनी बाकांवर ताल धरून उरलेली मिनिटे मोजत होते: आता पन्नास, आता चाळीस.

उत्तरार्धात श्कुरात पुन्हा ग्लेबकडे गेले. “जखमींना चालता येत नाही. बस आत घेऊ दे, उत्तरेच्या फाटकाशी.”

“घ्या की. जवळ उभी राहिली तर टायर फोडायला मला सोपं.”

बस मैदानाभोवतीच्या धावमार्गावर आली. सेवेरिनला आणि ल्युबोमिरना उचलून आत ठेवले. ड्रायव्हरला इंजिन बंद करू नको म्हणून सांगितले. मग श्कुरात रेषेच्या कडेने चालत झाखारपाशी गेले आणि एवढेच म्हणाले, “तळ्यात मार.”

आमच्या मैदानाच्या उत्तरेच्या भिंतीपलीकडे खाणीतून उपसलेल्या काळ्या पाण्याचे तळे आहे. क्लबाकडे सामन्याचे चेंडू कधीच पुरेसे नसत. चेंडू तळ्यात गेला की म्हातारा पहारेकरी लांब काठीला जाळे बांधून वळसा घालून जातो आणि तो परत येईपर्यंत सगळे थांबतात. प्रेक्षक सिगारेटी पेटवतात, सूर्यफुलाच्या बिया फोडतात, खेळाडू पाणी प्यायला जातात. चेर्नोयारमध्ये वाढलेल्या माणसाचे हात चेंडू तळ्यात गेला की आपोआप खिशात जातात.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला झाखारने चेंडू भिंतीवरून पार उडवला. पूर्वेकडचा ताल थांबला. शेकडो काड्या पेटल्या. ग्लेबही, ज्याने राखीव संघात असताना अशा वेळी शेकडो सिगारेटी ओढल्या होत्या, शेजाऱ्याच्या ओंजळीतल्या ज्योतीकडे वाकला. पाहुणे पाणी प्यायला निघाल्यासारखे फाटकाकडे चालू लागले, धावले नाहीत. एकेक जण बसमध्ये चढला. सर्वांत शेवटी पंच चढले, शिट्टी दातांत तशीच. श्कुरातांनी हमीपत्र ड्रायव्हरच्या हातात कोंबले. “नाक्यावर हे दाखव. शिक्का त्यांचाच आहे.”

नाक्यावर पहाऱ्यावरच्याने शिक्का पाहिला, ‘पाहुण्या संघाच्या सुरक्षिततेची हमी’ हे शब्द ओठ हलवत वाचले आणि आडवी फळी वर केली. हे आम्हाला नंतर कळले.

मैदानात ग्लेबने मान वर केली तेव्हा फाटक उघडे होते आणि धूळ उडत होती. तो खाली आला.

“कागद कुठाय?”

“बसमध्ये.”

“सामना संपला नव्हता.”

“अजूनही संपलेला नाही. शिट्टी कुठे झाली?”

पश्चिमेकडच्या बाकांवर कोणीतरी फिस्सकन हसले आणि ते हसू रांगारांगांतून पसरत गेले. बस गेल्यापेक्षा ते हसू ग्लेबला जास्त लागले असावे. त्याने बंदुकीचा दस्ता श्कुरातांच्या जबड्यावर घातला. ते पडल्यावर त्यांच्या उजव्या हातावर बुटाची टाच ठेवून ती फिरवली. आम्ही दीड हजार माणसे तिथे होतो. क्षणापूर्वी हसलेली माणसे आता आपापल्या पायांकडे पाहत होती, आणि मीही त्यांच्यातलाच एक होतो. कोणाच्या नजरेला नजर न देता आम्ही बाहेर पडलो.

श्कुरातांना अकरा दिवस ठाण्याच्या तळघरात ठेवले. तिथे काय झाले ते त्यांनी नंतर मला थोडक्यात सांगितले. पाण्याची नळी, विजेची तार, आणि दररोज सकाळी एकच प्रश्न: तुला हे कोणी शिकवलं? कोणीच शिकवले नव्हते, त्यामुळे उत्तर देता येईना. बाराव्या दिवशी त्यांना टायरांच्या ढिगावर टाकून दिले. रायसा त्यांना हातगाडीवरून घरी घेऊन गेली. वुग्लेकोपचे नाव तोवर लीगच्या तक्त्यातून निघाले होते.

ल्युबोमिर हावरिश सामन्यानंतर तिसऱ्या दिवशी झोलोतोपिलच्या इस्पितळात वारले. ते शुद्धीवर आलेच नाहीत.

जूनमध्ये तोफा सुरू झाल्या आणि श्कुरात नवरा-बायको एका पिशवीनिशी पश्चिमेच्या गाडीत बसले. झोलोतोपिलच्या खेळाडूंनी त्यांना स्टेशनवर उतरवून घेतले. सेवेरिन कुबड्यांवर आला होता. क्लबाने त्यांना वसतिगृहात खोली दिली, कपड्यांच्या कोठाराच्या किल्ल्या दिल्या. गावातली माणसे त्यांना रस्त्यात थांबवून हात हातात घेत: पोरांना वाचवलंत, बाबा. दोन महिने त्यांनी हे ऐकून घेतले. गप्प राहिले असते तर उरलेले आयुष्य त्या खोलीत मानाने गेले असते. तो कागद कोणाचा होता, हे तिथे कोणी विचारत नव्हते.

ऑगस्टच्या एका दुपारी त्यांनी किल्ल्या रायसाजवळ ठेवल्या आणि ते ल्युबोमिरच्या घरी गेले. स्तेफानिया हावरिश फाटकाशी सफरचंदे वेचत होती.

“या, आत या,” ती म्हणाली. “तुम्ही यायला इतके दिवस का लावलेत?”

“इथूनच बोलतो, वहिनी. त्या हमीपत्रावर पोलिसांची सही नव्हती. ज्याच्या माणसांनी मारलं, त्याचीच होती. मी स्वतः जाऊन घेतली होती. ग्लेब क्रिवोनोस त्याचं नाव.”

तिच्या हातातले सफरचंद तसेच राहिले.

“ते नाव घेऊन मी काय करू?” ती म्हणाली. “हे तुम्हाला गुरुवारी माहीत होतं? फोनवर?”

“होतं.”

“मग यांना सांगितलं का नाहीत?”

श्कुरातांचा जबडा नीट सांधला नव्हता, त्यामुळे शब्द सावकाश येत.

“सांगितलं असतं तर तो आला नसता.”

“नसताच आला,” ती म्हणाली.

तिने फाटक ओढून घेतले. कडी गंजली होती, खाचेत बसेना. ती दोन्ही हातांनी ती दाबत राहिली. फाटकाबाहेर श्कुरात उभे होते, पण मदतीला हात पुढे करण्याचा आपला अधिकार आता उरला नाही, हे त्यांना कळत होते.